तांदळातलं नाव

लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे ठेवलं आणि निकेतने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं: निकेता. मला विचारलंही नव्हतं. “तुझ्या त्या कादंबरीवरूनच सुचलं हे,” तो कौतुकाने म्हणाला. कॉलेजात असताना आगरदांड्याच्या जेट्टीवर मी त्याला जुनी इंग्रजी कादंबरी वाचून दाखवली होती. तिची नायिका स्वतःला प्रियकरापासून वेगळी मानतच नाही. “आपण दोघं एकच, म्हणून नावही एकच!” निकेत म्हणाला. माझं डोकं सटकलं. मी हात फिरवून नाव पुसलं. “पोरी, सगळ्यांचंच बदलतात. माझं न्हाय बदललं?” सासूबाई पुटपुटल्या. “एवढं काय चिडतेस? नुसतं नाव तर आहे!” निकेत हसला. मी ताट त्याच्याकडे सरकवलं. “मग तू माझं घे. मृणाल पुरुषांचंही असतं.” “वेड लागलंय तुला? मी निकेत आहे!” तो ओरडला. अंगठी हिसकावून मी तांदळात ठळक लिहिलं: मृणाल.