बघ गं जरा

"कसं दिसतंय, मंडळी?" सुतारानं नवी खुर्ची मोबाइलसमोर फिरवली.

कामाच्या खोलीचं दार लावलेलं होतं. लाइव्ह चालू असताना ते उघडायचं नाही, भांड्यांचा आवाज जातो, असा त्याचा नियम. दाराच्या अलीकडे, स्वयंपाकघरात, त्याची बायको ओट्याला टेकून आपल्या मोबाइलवर तेच लाइव्ह बघत होती. चहा कधीचा उकळून आटला होता.

मंडळी खूश होती. बदाम, टाळ्या, "दादा, हातात जादू आहे!" लिहायला त्यांचं काय जातंय! आणि हाही एकेकाचं नाव घेऊन असा गोड बोलत होता, जणू सगळ्यांना लहानपणी यानंच मांडीवर खेळवलंय. हल्ली ऑर्डरी या बोलण्यावरच येतात, हे तिलाही कळत होतं. पण तो प्रश्न मूळचा तिचा होता. पूर्वी खुर्ची झाली की आतून हाक यायची, "अगं, बघ गं जरा, कसं दिसतंय?" ओले हात पदराला पुसत ती जायची, एक डोळा मिटून बघायची आणि काहीतरी खोड काढायचीच. तो चिडायचा, मग मुकाट्यानं दुरुस्त करायचा. त्या एका हाकेसाठी तिचे कान आसुसले होते.

भाचीनं तिला 'चिमणी' नावाचं खातं काढून दिलं होतं. नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. तिनं एक डोळा मिटला, पडद्यावरची खुर्ची न्याहाळली आणि लिहिलं, "पाठ डावीकडे कललीये."

त्यानं ते मोठ्यानं वाचलं. हसला. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला.

"खरंय चिमणीताई. केसभर कललीये. एवढ्या लोकांत तुम्हालाच दिसलं." तो खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पूर्वी माझी बायको सांगायची असं. तिनं नावं ठेवल्याशिवाय मला खुर्ची पुरी झाल्यासारखीच वाटायची नाही."

तिचा हात दारावर गेला.

"आता कुठलं हो!" तो मोबाइलला म्हणाला. "बघावं तेव्हा मोबाइलमध्ये डोकं."

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची झुंबड उडाली. तिचा एक हात दारावरच राहिला. दुसऱ्या हातातला मोबाइल कुठे ठेवावा, हे तिला कळेना.