चॅनल सतराची सूचना

"आणि शुक्रवारी मुलांना शाळेत टाको आणि उकडलेला मका," एवढं वाचून लाव्हॉनने पुढचा कागद वर घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून नेहमीसारखी हसली. "आता एक सूचना. चॅनल सतराचे परवानाधारक मर्ल स्टेनर्सन यांनी सदर परवाना फ्लोरिडातील सॅन्डहॉर्न होल्डिंग्ज यांच्या नावे करण्यासाठी प्रसारण आयोगाकडे अर्ज दाखल केला आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी तीस दिवसांच्या आत..."

अर्थ डोक्यात शिरेपर्यंत तोंड पुढे निघून गेलं होतं. बावीस वर्षं दुपारी बाराच्या बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड ते, थांबतंय कशाला! कागद आधी चाळून बघायची तिला सवयच नव्हती. मर्लने लावलेली थप्पी, त्यात काय बघायचं?

तिने मान वर केली. कॅमेऱ्यामागे मर्लच उभा होता. चॅनलचा मालक तो, कॅमेरा धरणारा तो आणि खोली झाडणाराही तोच. चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसणारा, म्हणजे इकडच्या रीतीने अगदी सज्जन माणूस. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

लाव्हॉनने सूचना शेवटपर्यंत वाचली. मग ओले ब्रेक्केच्या मयताची बातमी: शनिवारी दोन वाजता, नंतर चर्चच्या तळघरात कॉफी. मर्लने हवामानाचा नकाशा लावला आणि तिचा माइक बंद केला.

"हे काय होतं रे?"

"कायद्याने वाचावं लागतं," मर्ल म्हणाला. "विकायच्या आधी चार वेळा, गावाला ऐकू जाईल असं. त्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. आज पहिली वेळ झाली."

"मग तू का नाही वाचलंस?"

"मी कधी कॅमेऱ्यापुढे आलोय का? मी बसलो असतो तर सगळं गाव कान टवकारून बसलं असतं. तू वाचलंस की मेनूच्या ओघात निघून जातं."

ह्या चॅनलचा जीव तो केवढासा! नदी ओलांडली की चित्राला मुंग्या येतात. पण गावाच्या उंच धान्यकोठारावरचा अँटेना गावानेच चढवला होता. बायकांनी केक विकून पैसे उभे केले, पुरुषांनी थंडीत दोर लावून तो वर ओढला. फ्लोरिडावाले चोवीस तास अंगठ्या विकत बसतील. ओलेचं मयत किती वाजता, हे कोण सांगणार?

"एप्रिलमध्ये गावात कुणकुण लागली होती," ती म्हणाली. "तेव्हा तूच म्हणालास, लोकांना सांग, चॅनल कुठे जात नाही. मी सांगितलं. ह्याच खुर्चीतून सांगितलं, मर्ल!"

"तेव्हा नव्हतंच जात."

"केसाने गळा कापलास मेल्या. आणि तोही माझ्याच तोंडाने."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू वाचलं नसतंस."

"नसतंच वाचलं!"

"मग?" मर्ल म्हणाला आणि कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागला. शरमेचा लवलेश नाही. जणू समोरची बाईच काहीतरी भलतं बोलतेय.

लाव्हॉनने फोनकडे बघितलं. हे गाव फोन केल्याशिवाय राहत नाही. गेल्या महिन्यात तिने एका बाळाचं नाव चुकीचं घेतलं तर पाच फोन आले होते. आजही कुणीतरी ऐकलं असेल, कुणीतरी विचारील. एकाने जरी हरकतीचं पत्र टाकलं तरी आयोगाला थांबून बघावं लागेल. मर्लही वायर गुंडाळता गुंडाळता फोनकडेच बघत होता.

फोन वाजला. लाव्हॉनने पहिल्या घंटीला उचलला. नदीकाठच्या शेतावरची आयोन होती. अँटेनासाठी सगळ्यात जास्त केक तिनेच भाजले होते.

"लाव्हॉन, मेनूनंतर काय गं वाचलंस ते? सॅन्ड का काय?"

"ऐकलंस ना? आयोन, नीट ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की. हा आमचा अर्नी जेवता जेवता ताडकन उठला. म्हणे, चॅनल विकताहेत, कागद दे, आत्ता पत्र लिहितो. मी म्हटलं, अरे, लाव्हॉन हसत हसत वाचतेय. काही वाईट असतं तर ती आपल्याला सांगितल्याशिवाय राहिली असती का?"

लाव्हॉनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आयोन, फोन अर्नीला दे. आत्ताच्या आत्ता दे."

"अगं, तो गेला केव्हाच," आयोन म्हणाली. "तुझं नाव काढलं तसा कागद बाजूला ठेवला, ताटातलं सगळं संपवलं आणि गेला ट्रॅक्टरवर. चांगला निश्चिंत होऊन गेला."