गार पोटीस

"दवाखान्यात जाऊन काय दाखवू, पायजमा?" सोमनाथ म्हणाला. "दुखणं थांबलंय."

त्याचा मेहुणा राकेश गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारात उभा होता. पायावरची लाली वाढली तर मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं डॉक्टरांनी काल गोळ्या देताना बजावलं होतं. म्हणून तो कामाचा खाडा करून सिडकोहून इंदिरानगरला आला होता, आणि पेशंट सोफ्यावर टेकून टीव्ही बघत होता. राग यावा की बरं वाटावं, हे राकेशला ठरवता येईना.

"दाजी, काल तुम्ही मृत्युपत्र सांगायला लागला होतात."

"काल दुखत होतं."

ते खरं होतं. दुकानाचं शटर ओढताना नडगीला खरचटलं होतं. जखम नखाएवढी, ओरडणं बिल्डिंगभर. नुसती चादर लागली तरी सोमनाथ कळवळायचा. हाड मोडलं का, हे विचारायला शेजारच्या ठमाबाई आल्या, आणि जखम बघून हसू दाबत परत गेल्या. या घरात दुखणं आवाजावरून ठरे. सोमनाथ आपलं दुखणं नेहमीच चढ्या भावानं सांगे, आणि ऐकणारे मनातल्या मनात ते निम्मं करून घेत.

मधुमेहाशीही त्याचा व्यवहारच होता. आठवडाभर चहात साखर नाही, त्या बदल्यात रविवारी मिसळीबरोबर जिलेबी. फिटंफाट. रक्त तपासायचा दिवस आला की मात्र दुकानात हटकून गर्दी असायची.

आज पाय सुजून टणक झाला होता. लाली गुडघ्यापर्यंत चढली होती, मधोमध जांभळट डाग उमटला होता. अंगात ताप होता. पण ओरडणं नव्हतं. म्हणून त्याच्या बायकोनं, उज्वलानं, सकाळीच देवापुढे साखर ठेवली होती.

"ताप काय, उतरेल," सोमनाथ म्हणाला. "उज्वला, पोटीस आण. संध्याकाळी दुकान उघडतो."

उज्वलानं कणीक, हळद आणि तेल तव्यावर परतलं, फडक्यात बांधलं आणि गाठीला धरून ती पोटीस त्याच्या नडगीवर ठेवली. काल कोमट पोटिशीलाही त्यानं तिचं माहेर उद्धरलं होतं. आज त्याची नजर टीव्हीवरून हलली नाही.

"शहाण्यासारखे बसलेत की," राकेश म्हणाला. "ताई, मी निघू?"

"निघ बाबा. उगाच खाडा झाला तुझा."

राकेश चपला घालू लागला.

"अगं, गरम तरी करायचीस," सोमनाथ म्हणाला. "गार पोटीस काय लावतेस?"

उज्वलानं बघायला पोटिशीवर हात दाबला आणि झटकन मागे घेतला. तळवा लाल झाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं जांभळ्या डागाजवळ नख रुतवलं. चांगला जोर लावून.

"अहो, लागतंय?"

"काय?"

ती आत गेली आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"वहिनी, आतल्या नसा मरायला लागल्यात, म्हणून दुखायचं थांबलंय. हे इन्फेक्शन तासातासाला वर चढतं. आत्ताच्या आत्ता न्या. ऑपरेशन लागेल. पाय राहतो का, माणूस राहतो का, ते तिथेच कळेल."

ती बाहेर आली.

"काय म्हणाले?" सोमनाथनं विचारलं.

"चला म्हणाले."

तिचा चेहरा बघून त्यानं वाद घातला नाही. राकेशनं आणि वॉचमननं त्याला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. उज्वलानं त्याचा पाय मांडीवर घेतला. तो जड होता आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडून होता.

गतिरोधक आला. राकेशनं गाडी हळू केली.

"हळू नको," उज्वला म्हणाली.

पुढच्या गतिरोधकावर गाडी दणकन उडाली. पाय मांडीवरून घसरून दारावर आदळला. सोमनाथ खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होता.

उज्वलानं पाय पुन्हा मांडीवर घेतला.

"अहो," ती म्हणाली, "ओरडा ना."