दसऱ्याची मूठ

भिमाजींची मूठ काही उघडेना.

दसऱ्याची सकाळ. भिमाजींच्या अंगणालगतच्या वाफ्याभोवती निम्मं गाव जमलेलं. उन्हाळ कांद्याच्या रोपासाठी पहिली मूठ भिमाजींनी टाकायची आणि मगच गावानं पेरायचं, हा तीस वर्षांचा रिवाज. त्यांचा हातगुणच तसा होता. पण गेली दोन वर्षं दसरा झाला की अवेळी पाऊस कोसळत होता आणि कोवळी रोपं वाफ्यातच सडत होती. भिमाजींना कोणी एका शब्दानंही बोललं नव्हतं. त्यांना तेच जास्त लागलं होतं.

यंदा पहिल्या मुठीतलं बी कुसाबाईचं होतं. बाई एकटी. निफाडच्या दुकानातलं पाकिटातलं बी तिला चालत नसे. सासूच्या हातचं वाण ती मडक्यात जिवापाड जपायची. दोन वर्षांच्या पावसानं ते मडक्याच्या तळाशी आलं होतं. यंदा गेलं, तर कायमचंच गेलं.

भिमाजींनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. मागच्या दसऱ्यालाही ते असंच स्वच्छ होतं. त्यांनी तिसरा हिस्सा बी वीतभर उंच केलेल्या वाफ्यावर पेरलं आणि उरलेल्या बियासकट मडकं कुसाबाईला परत केलं.

"एवढंच?" कुसाबाईचा चेहरा उतरला. "माझ्या बियाण्यात काय खोट हाय का, दादा?"

"बियाण्यात नाय. मलाच आभाळ कळंना झालंय. समदं एकदम पेरू नका. थोडं आज, थोडं दिवाळीला, थोडं त्याच्याबी मागून. अन् वाफा उंच करा, पाणी निघून जाईल."

"कांद्याला गादी!" गर्दीतला तरणा वाळू खिदळला. "आता उशीबी द्या की, दादा!"

सगळे हसले. कुसाबाई मडकं उचलून तडक चालती झाली. तीस वर्षांचा मान एका सकाळीत गेला, असं भिमाजींना वाटलं.

आठव्या दिवशी पाऊस आला. तीन दिवस नुसता धो धो. अंगणालगतच्या उंच वाफ्यावर निम्मी रोपं तगली, पण भिमाजींना त्याचा आनंद होईना. गावाचे वाफे सपाट होते. त्यांचं ऐकलं होतं कोणी? कुसाबाईनं तर रागाच्या भरात मडकं रिकामं केलं असणार. ते घराबाहेर पडलेच नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळीच कडी वाजली. दारात कुसाबाई उभी होती, काखेत मडकं घेऊन. भिमाजींची मान खाली गेली.

"आमी हसलो ते हसलो," ती म्हणाली. "पण दसऱ्याला तुमच्या हातानं तिसराच हिस्सा पेरला, मग त्याच्यापेक्षा जास्त या गावात कोण पेरील? समद्यांनी बाकीचं बी राखून ठेवलंय."

तिनं मडकं पुढं केलं. दोन हिस्से बी तसंच होतं. तिच्यामागं निम्मं गाव बियाण्याची गाठोडी घेऊन उभं होतं. वाळूच्या खांद्यावर फावडं होतं.

"आता दुसरी मूठ टाका, दादा."