सोफ्यावरची चिठ्ठी

लोकांचे सोफे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, पण घरच्यांच्या नशिबी सतरंजीच होती. पुढच्या खोलीत कायम गिऱ्हाइकांचा माल असायचा, प्रत्येक नगावर नाव आणि न्यायच्या तारखेची चिठ्ठी टाचलेली. “परक्याच्या वस्तूवर बसायचं नाही,” हा त्याचाच दंडक. मग जेवणं उरकली की जो तो आपापल्या कोपऱ्यात. आज मात्र खोलीत एकच निळा सोफा होता. दोन्ही मुली सवयीने सतरंजीवर बसल्या. “हा कुणाचा?” बायकोने विचारलं. “चिठ्ठी बघ की,” तो म्हणाला. तिने मोठ्याने वाचलं. “नाव: आपण चौघं. न्यायची तारीख: कधीच नाही.” मुलींनी उड्या टाकल्या, आईला मधे ओढलं आणि गप्पांना ऊत आला. तो समोर सतरंजीवर टेकून कौतुकाने बघत राहिला. धाकटीने सरकून शेजारची जागा थोपटली. “बाबा, तुम्हाला वाचता येत नाही का?”