तिघांचं जैसलमेर

जयसिंहरावांनी कवळी काढली आणि टेबलावर पसरलेल्या जैसलमेरच्या नकाशावर, अगदी किल्ल्याला खेटून ठेवली. कवळीला भाताची दोन शितं चिकटलेली होती.

सोनिकानं नजर वळवली. तिचा नवरा संग्रामसिंह मोबाइलवर हॉटेलं बघत होता. त्यानं वडिलांना विचारलं, किल्ल्यातलं हॉटेल घ्यायचं की खाली गावातलं? वर चढ आहे, झेपेल ना? जयसिंहराव बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटले. थुंकीचे थेंब नकाशावर उडाले.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत सोनिका नवऱ्याबरोबर ओरछाला गेली, उज्जैनला गेली, पचमढीला गेली, आणि दर वेळी सासरे बरोबर होते. संग्रामचा हा हट्ट नव्हता, धास्ती होती. तो आग्र्याला गेला असताना इकडे त्याच्या आईला झटका आला. बाबा एकटे गांगरले, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, आई गेली. त्यानंतर वडिलांना सोडून त्यानं एकही मुक्काम बाहेर केला नव्हता. ग्वाल्हेरातच हजीऱ्याला राहणारी त्याची आत्या, मंदाताई, कितीदा म्हणाली होती, दादाला माझ्याकडे ठेवा नि जाऊन या. तो ऐकत नसे.

या वेळी जैसलमेर ठरलं तेव्हाही त्यानं तीन तिकिटं काढली. त्या दुपारी सासरे आतल्या खोलीत आडवे झालेले बघून सोनिका बाल्कनीत उभी राहून इंदूरला आईशी फोनवर बोलली. ‘मला त्यांचा राग नाही गं,’ ती म्हणाली. ‘पण नवऱ्याशी दोन शब्द बोलायला मला कधी एकांत मिळतच नाही. या वेळीही तिघं गेलो, तर मी तिकडूनच इंदूरला येईन. परत ग्वाल्हेरला नाही.’

त्यानंतर तीन आठवडे घरात जैसलमेरच चाललं होतं. कोणती हवेली आधी बघायची, वाळूच्या टेकड्यांवर कोणत्या दिवशी जायचं, गरम कपडे किती न्यायचे. आणि याच तीन आठवड्यांत सोनिकाला सासऱ्यांची किळस येऊ लागली.

सिंचन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस रुमालालाही इस्त्री करायचा. आता तो सोफ्यावर बसून पायाची नखं कापी आणि तिथंच टाकी. बेसिनमध्ये खाकरून पाणी न सोडता निघून जाई. कानातला मळ काडीनं काढून वास घेई आणि काडी टेबलाच्या कडेला पुसे. सोनिकाला जेवण जाईना. वय झालं की होतं माणसाचं असं, ती स्वतःला समजावी, आणि वाळूच्या टेकड्यांवर एकाच तंबूत यांच्याबरोबर झोपायचं आहे हे आठवून ताट बाजूला सारी.

पडाव भागात, सहलीचं बुकिंग करणाऱ्या लक्ष्मीकांतच्या दुकानात, तंबूत तिसरी खाट टाकायचं बोलणं चालू होतं. जयसिंहराव मोठ्यानं खाकरले आणि काउंटरवरच्या मनीप्लांटच्या कुंडीत थुंकले. लक्ष्मीकांतनं कुंडी उचलून मागं ठेवली. संग्रामची मान खाली गेली. तरीही त्यानं तिसऱ्या खाटेला होकार दिला.

निघायला पाच दिवस उरले होते. रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. जयसिंहराव मटणाचा एक तुकडा बराच वेळ चघळत होते. मग त्यांनी तो तोंडातून काढला, लाळेच्या तारेसकट संग्रामच्या ताटात, भातावर ठेवला आणि म्हणाले, ‘मला चाववत नाही. तू खा.’

संग्राम ताटावरून उठला. बेसिनवर त्याच्या ओकारीचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं सोनिकाला स्वयंपाकघरात गाठलं.

‘बस, अब नहीं होगा मुझसे,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘बाबांना आत्याकडे ठेवू या. आपण दोघंच जाऊ.’

सोनिकाला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

निघायच्या सकाळी मंदाताई भावाला न्यायला हरिशंकरपुरमच्या घरी आली. संग्रामनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून तिनं आपल्या घरी भावासाठी जुनी चादर आणि वेगळी बादली काढून ठेवली होती. सोनिका पाया पडायला वाकली, पण तिचा हात सासऱ्यांच्या पावलांपासून वीतभर अलीकडेच थांबला. जयसिंहरावांनी आशीर्वाद दिला. सावकाश या, घाई करू नका, म्हणाले.

दोघांची रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते फाटकात उभे होते. मंदाताईनं त्यांच्या दंडाला धरलं.

‘दादा, काय झालंय रे तुला? संग्राम रडत होता फोनवर. असा नव्हतास तू.’

जयसिंहराव रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले.

‘माझी मलाच किळस येत होती, मंदे,’ ते म्हणाले. ‘पण त्याशिवाय तो मला सोडून गेला नसता, आणि सूनबाई परत आली नसती.’