कंदील कोणी पाडला

"आजी, आधी फोन तरी करायचास त्यांना," नेत्रा कुजबुजली.

सुहासिनीबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बदलापूर गावातल्या या ओटीवर पाय ठेवायला त्यांना एकोणसाठ वर्षं लागली होती. फोन केला असता, तर पलीकडून आवाज येताच त्यांनी तो ठेवूनच दिला असता.

करिष्मानं, जनूच्या पुतण्याच्या सुनेनं, त्यांना आत बसवलं आणि ती चहा टाकायला गेली. बाकावर जनू बसला होता. वय एक्क्याऐंशी, पण सहा फुटांची उंची अजून लपत नव्हती.

"काका, मी सुही. सिनेमातली."

जनू बराच वेळ बघत राहिला. मग हसला. "आन्नाची सुही? किती म्हातारी झालीस गो!"

सुहासिनीबाईंना ते हसणंच जड गेलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

'काळडोह' सिनेमा तुफान चालला, म्हणून मालकानं सहासष्ट साली दुसरा भाग काढला, 'पुन्हा काळडोह'. उल्हास नदीच्या काठावर शेड टाकून शूटिंग चालायचं. डोहातला राक्षस व्हायला याच गावचा जनू मिळाला होता. रबराचं जाडजूड कातडं अंगावर चढवायचं, डोळ्यांपुढं दोन भोकं. पोस्टरवर राक्षस मोठा, पण जनूचं नाव कुठंच नाही. राक्षसाला न घाबरणारी एकुलती एक पोरगी म्हणजे सात वर्षांची सुही. तिला आई नव्हती. वडील, आण्णा, सिनेमाचे कपडेवाले. ते तिला सोबत आणायचे आणि तशीच ती कॅमेऱ्यापुढं उभी राहिली.

पंधरा दिवसांपूर्वी नेत्रानं तोच दुसरा भाग मोबाइलवर शोधून काढला. शेवटी गवताची झोपडी पेटते आणि राक्षस पोरीला छातीशी घट्ट धरून बाहेर येतो. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. त्या काळात असा अभिनय! नेत्रा खूश झाली. आजीला मात्र दोन दिवस घास गेला नाही, कारण त्या आगीत कोणीच अभिनय करत नव्हतं.

"नेत्रा, फोन काढ. मी बोलते ते सगळं रेकॉर्ड कर."

नेत्रानं फोन धरला. पस्तीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत 'खरं बोला' म्हणून मुलांना दटावणाऱ्या बाईंचा आवाज कापत होता.

"काका, झोपडीतला कंदील मी पाडला. खेळता खेळता. राक्षस माझ्यापासून चांगला चार हात लांब होता. त्यानं मला उचललं, बाहेर आणून ठेवलं आणि तो नदीकडं पळाला. कॅमेरा चालूच होता. शेड जळाली. मालकांनी मला विचारलं, कंदील कोणी पाडला? मी म्हणाले, राक्षसानं."

जनूनं मान वळवून दाराबाहेर पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आलात आणि लोकांनी तुम्हाला धरलं. मारलं. पोलिसांत दिलं. ठरलेलं लग्न मोडलं तुमचं. मला सगळं कळत होतं, काका. आण्णांचे दोन्ही हात आग विझवताना पोळले होते, महिनाभर शेजारीण माझ्या वेण्या घालायची. त्यांनासुद्धा मी खरं सांगितलं नाही. मार बसेल म्हणून भ्यायले. आणि त्यांनी तर त्या दिवसापासून माझ्यावर आवाजही चढवला नाही. मग माझं तोंड आणखीच बंद झालं."

"आन्ना येवाचा इथं," जनू म्हणाला. "दर दिवालीला. ओटीवर बसायचा तासभर. बोलायचा काय नाय."

हे बाईंना माहीत नव्हतं. "माझा बाप देवमाणूस होता. त्यांना तुमची कणव वाटत असणार. आणि मी त्यांच्याच पोटची, अशी खोटारडी."

त्यांना रडू फुटलं. नेत्रा चुळबुळली, पण फोन तिनं खाली केला नाही.

"ह्ये समद्यांना दाखवनार?" जनूनं विचारलं.

"हो. सगळ्या जगाला कळू दे. मला माफ करू नका, पण तुमचं नाव तरी साफ करू द्या. ज्यानं मला आगीतून काढलं, त्याचाच मी जन्म जाळला."

"पोरी, बंद कर तो फोन."

नेत्रानं आजीकडं पाहिलं.

"बंद कर म्हनतो ना."

तिनं फोन पर्समध्ये टाकला. आत कपबशा वाजल्या. जनूनं हात वर केला आणि करिष्मा चहा घेऊन दारातच थांबली.

"सुही, कंदील तू पाडलास, ह्ये मना तवाच म्हाईत झालता."

"कळणारच. तुम्ही पाहिलंत मला."

"राक्षसानं पायलं. मी नाय."

बाईंना अर्थ लागेना. म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, असं त्यांना वाटलं.

"मी त्या दिवशी अंबरनाथला व्हतो," जनू सावकाश म्हणाला. "देवलाच्या मागं. लगीन ठरलेल्या पोरीला चोरून भेटाया गेलतो. मालक सुट्टी देत नव्हता. मंग मी एकाच्या पाया पडलो, एक दिवस माझ्या जागी हुबा ऱ्हा म्हनून. माझ्यासाठी शिरला तो आत. त्याचा नाव मी कुठल्या तोंडानं घेनार व्हतो?"

"कोण होता तो?"

जनूनं मान खाली घातली.

"सुही, त्या कातड्यात तुझा बापूस व्हता."